लोखंड, पितळ की ॲल्युमिनियम? डिचोलीतल्या एका जुन्या स्नेअर ड्रमची ओळख आणि किंमत

पार्श्वभूमी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले एक मराठी कुटुंब. वडील १९७० आणि ८०च्या दशकांत ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. गणेशोत्सवातले कार्यक्रम, जत्रेच्या रात्री नाटक उभे राहण्याआधीची गाणी, लग्नाची रिसेप्शने असे काम असे. स्नेअर, म्हणजे खालच्या बाजूला तारा ताणलेला लहान ड्रम, त्यांनी बोटीवर नोकरी करणाऱ्या एका तारवट्याकडून घेतला होता, एवढीच माहिती घरात होती. पावती नव्हती. ते वारल्यावर बास ड्रम, टॉम आणि स्टँड हळूहळू विकले गेले. स्नेअर तेवढा चादरीत गुंडाळून माळ्यावर राहिला. वर कौले, खाली लाकडी तक्तपोशी आणि मधे १४ पावसाळे.

चवथीच्या साफसफाईत तो खाली आला. गणपतीसमोर टांगायच्या फळांच्या माटोळीची तयारी चालू होती, घरातली पितळी भांडी अंगणात घासायला काढली होती. ड्रमही त्याच रांगेत गेला. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी घेऊन आईने त्याचा तळहाताएवढा भाग घासला. क्रोमचा पापुद्रा सुटू लागल्यावर मुलाने तिला थांबवले. पुढे किमतीचा हिशेब मांडताना हा तळहाताएवढा भाग वेगळा धरावा लागला.

ड्रमचे बाहेरून दिसणारे वर्णन असे: व्यास १४ इंच, खोली ५ इंच, चंदेरी क्रोम, शेलच्या (ड्रमच्या गोल धातूच्या अंगाच्या) मध्यावर गोल फिरलेला एक उठावदार कंगोरा, १० लग (ताण देणारे रॉड ज्यात बसतात ते बाहेरचे ठोकळे), पितळी रंगाचा बॅज आणि आतून आवाज दाबणारा फेल्टचा मफलर. बॅजचा आकार कमानीच्या माथ्यावर बसवतात त्या पाचरीच्या दगडासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. त्यावर लुडविग या अमेरिकी ड्रम कंपनीचे नाव, शिकागो आणि सहा आकडी क्रमांक.

अडचण

घरात दोन मते होती आणि दोन्ही चुकीची निघाली.

पहिले मत जुन्या वाद्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका व्यापाऱ्याचे. त्याने खिशातले लोहचुंबक रिमला (हेड आवळून धरणाऱ्या कड्याला) लावले, ते चटकन चिकटले. त्यावरून त्याने निदान केले की शेल लोखंडी आहे, बॅज मागाहून लावलेला आहे आणि ड्रम मेरठकडचा बँडचा माल आहे. भाव सांगितला ४,००० रुपये. ही शंका अगदीच निराधार नव्हती. मेरठच्या जाली कोठी भागात बँडची वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या बनतात, आणि परदेशी नमुन्यांवरून बनवलेले ड्रम देशभर फिरत असतात. चूक चुंबक लावायच्या जागेत झाली.

दुसरे मत थोरल्या मुलाचे. वडील नेहमी म्हणत, “हा पितळी बॉडीचा आहे.” मुलाने इंटरनेटवर पितळी शेलच्या जुन्या लुडविगचे भाव पाहिले. १९२०च्या दशकातल्या, काळ्या निकेलवर नक्षी कोरलेल्या ‘ब्लॅक ब्यूटी’चे आकडे पाहून त्याची खात्री पटली की घरात काही लाखांची वस्तू आहे. आपला ड्रम काळा नाही आणि त्यावर नक्षीही नाही, हे त्याच्या लक्षात होते. पण पितळ म्हटले की भाव तोच, असा त्याचा समज झाला.

एकाच वस्तूची किंमत एकीकडे ४,००० आणि दुसरीकडे लाखांत. म्हणून किंमत बाजूला ठेवून आधी ओळख पटवायची ठरले. ड्रम म्हापशात जुन्या ड्रमची दुरुस्ती करणाऱ्या दोघा जाणकारांकडे गेला. त्यांनी घातलेली पहिली अट साधी होती: यापुढे घासपूस बंद, आणि घरातले जुने फोटो व ड्रमच्या सामानाची पेटी जशी असेल तशी आणून द्यायची.

ओळख: धातू आधी, बॅज नंतर

बॅजने सुरुवात करायचा मोह प्रत्येकाला होतो. पण स्नेअरवर सर्वात सहज बदलता येणारी गोष्ट बॅजच आहे. हवेच्या भोकातून जाणारी एक पोकळ रिव्हेट त्याला धरून ठेवते, आणि नव्या प्रतिकृतीही विकत मिळतात. त्यामुळे क्रम असा ठेवला: धातू, शेलची घडण, लग आणि स्ट्रेनर (खालच्या तारा लावण्या-सोडण्याची कळ), सर्वात शेवटी बॅज.

*चुंबक.* रिम, टेन्शन रॉड (रिम आवळणारे लांब बोल्ट), स्क्रू आणि खालच्या स्नेअरच्या तारा या सगळ्या बहुधा पोलादाच्या असतात. रिमला चुंबक चिकटला म्हणजे रिम पोलादी आहे एवढेच कळते. चाचणी शेलच्या उघड्या भागावर, दोन लगांच्या मधोमध, रिमपासून निदान ४ सेंटिमीटर दूर करायची. शर्टाच्या बटणाएवढा चुंबक दोऱ्याला बांधून शेलजवळ लोंबता सोडला की हलकी ओढही दिसते. या ड्रमवर दोरा सरळच राहिला. पोलाद बाद झाले, आणि त्याबरोबर पोलादी शेलच्या बहुतेक नकलाही. १९७० आणि ८०च्या दशकांत जपान-तैवानमध्ये याच रूपाचे, मध्ये कंगोरा असलेले पुष्कळ स्वस्त ड्रम झाले. त्यांतल्या बऱ्याच ड्रमना चुंबक चिकटतो आणि आतून जोडाची उभी रेषा दिसते.

*जोड.* वरचे हेड (ज्यावर वाजवतात तो ताणलेला पडदा) काढून आत टॉर्च तिरपा धरला. वेल्डिंगची उभी रेषा कुठेच नव्हती. शेल अखंड, सांध्याविना घडवलेले होते. लुडविगच्या या घराण्याची ही मोठी खूण, आणि स्वस्तात नक्कल करायला अवघड.

*पितळ की ॲल्युमिनियम.* चुंबक दोघांनाही चिकटत नाही, त्यामुळे इथे दोन स्वतंत्र पुरावे घेतले. पहिला वजनाचा. सगळे सामान उतरवून मोकळे शेल किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. १४ बाय ५ इंच शेलचे क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस सेंटिमीटर भरते. जाडी १.२ मिलिमीटर धरली तर पत्रा साधारण १७० घनसेंटिमीटर होतो. ॲल्युमिनियमची घनता २.७, पितळेची सुमारे ८.५. म्हणजे तेच शेल ॲल्युमिनियमचे असेल तर अर्धा किलोच्या आसपास आणि पितळेचे असेल तर दीड किलोच्या आसपास. काट्याने ६०० ग्रॅमच्या आतला आकडा दाखवला. जाडीत थोडी चूक धरली, कडेच्या वळणाचे वजन वाढवले, तरी पितळ त्या आकड्यात बसत नाही.

दुसरा पुरावा भोकांच्या कडांचा. एक लग काढून त्याच्या स्क्रूच्या भोकाची आतली कड भिंगातून पाहिली. तिथे धातू करडा-पांढरा होता, पिवळा नव्हता. इथे एक सापळा असतो. ॲल्युमिनियमवर क्रोम चढवताना मध्ये निकेल, आणि कित्येकदा तांबेही, चढवलेले असते. भोकाच्या अगदी तोंडाशी लालसर-पिवळी झाक दिसली की “पितळच आहे” असे वाटून जाते. पाहायचे ते पत्र्याच्या जाडीच्या मध्यावर. शिवाय जिथे क्रोमला फोड आले होते तिथे पांढरी भुकटी जमलेली होती. पितळ असते तर १४ पावसाळ्यांत तिथे हिरवट गंज धरला असता. घरातला तांब्या कळकला की कसा दिसतो ते आईला ठाऊकच होते, हा मुद्दा तिला सर्वात लवकर पटला.

मग वडील पितळी का म्हणत? बॅज पितळी होता. आणि लुडविगच्या याच रूपाच्या अगदी सुरुवातीच्या, १९६०च्या आसपासच्या ड्रमची शेल खरोखर क्रोम चढवलेल्या पितळेची असत. १९६३च्या सुमारास कंपनी ॲल्युमिनियमकडे वळली. विकणाऱ्याने ऐकीव माहिती सांगितली असेल. त्यात फसवणूक होती असे मानायला काही कारण नाही.

*नमुना.* १० लग, लांबट ‘इम्पीरियल’ घाटाचे. मध्ये एक कंगोरा. क्रोमचे ॲल्युमिनियम शेल. एवढ्यावरून नाव पक्के झाले: लुडविग सुप्राफोनिक, एलएम ४००. हीच शेल साडेसहा इंच खोलीत आली की एलएम ४०२ होते. लेड झेपलिन या रॉक बँडच्या जॉन बॉनहॅमचा म्हणून प्रसिद्ध असलेला ड्रम तो. लुडविगच्याच ॲक्रोलाइट या नमुन्याशीही गल्लत होते. तीही कंगोऱ्याची ॲल्युमिनियम शेल, पण लग ८ आणि क्रोम नाही, करडा मंद ॲनोडाइज केलेला पृष्ठभाग. क्रोमच नसल्यामुळे ॲक्रोलाइटला हे फोड येत नाहीत. गोव्यात कोणी जुना धातूचा स्नेअर शोधत असेल आणि चमक नको असेल, तर ॲक्रोलाइट इथल्या हवेत जास्त सुखाने नांदतो.

*साल.* लुडविगने ड्रमवर क्रमांक घालायला १९६३-६४च्या सुमारास सुरुवात केली. पाचरीच्या आकाराचा बॅज १९६०च्या दशकाच्या अखेरीस गेला आणि त्या जागी निळ्या-ऑलिव्ह रंगाचा टोकदार बॅज आला. क्रमांक असलेला पाचरी बॅज म्हणजे ही दोन टोके मिळाली: १९६३-६४ ते १९६९-७०. मुलाला याहून नेमके साल हवे होते. ते दिले नाही. कारखान्यात बॅज पेटीतून हाताला लागेल तसे लावले जात, त्यामुळे क्रमांकांचा क्रम आणि घडणीचा क्रम एक नाही. क्रमांकांवरून साल सांगणारी जी कोष्टके फिरतात ती मुख्यतः लाकडी ड्रमच्या आत मारलेल्या तारखेच्या शिक्क्यांवरून केलेली आहेत, आणि धातूच्या शेलला असा शिक्का सहसा नसतो. “१९६७चा” असे छातीठोक लिहिले तर जाणकार गिऱ्हाईक बाकीच्या वर्णनावरही शंका घेतो. मफलरवरूनही साल ठरवले नाही. तो दोन मिनिटांत बदलता येतो.

बॅज मात्र तपासला. रिव्हेटच्या आतल्या वळणावर नवे ठोके नव्हते, बॅजभोवतीच्या क्रोमवर सरकल्याचे ओरखडे नव्हते, आणि बॅजखालून डोकावणाऱ्या कडेशी धूळ व जुने तेल घट्ट बसलेले होते. बॅज मूळचाच.

फोटोने उघड केलेली गोष्ट

घरातून आणलेल्या फोटोंत एक कृष्णधवल होता. मागे निळ्या शाईत १९७८ लिहिलेले. वडील मंचावर, स्नेअर बाजूने दिसतोय, स्ट्रेनरची कळ स्पष्ट. भिंगाखाली पाहिल्यावर ती पी-८३ या जुन्या लुडविग स्ट्रेनरची कळ निघाली. टेबलावरच्या ड्रमवर मात्र वेगळाच, पातळ पत्र्याचा स्थानिक स्ट्रेनर होता.

म्हणजे स्ट्रेनर १९७८ नंतर कधीतरी बदलला गेला. कामावरचे वाजवणारे जुना भाग सहसा टाकत नाहीत. घरी निरोप गेला, पुन्हा शोधा. वडिलांच्या लोखंडी पेटीत, काठ्यांच्या तुकड्यांखाली, सायकलच्या ट्यूबच्या रबरात गुंडाळलेला पी-८३ सापडला. कळ शाबूत होती, फक्त ताण देणाऱ्या स्क्रूचे आटे गंजाने बसले होते.

फोटोचा दुसरा उपयोग झाला तो एका दंतकथेला मर्यादा घालण्यासाठी. घरात बोलले जायचे की हा ड्रम आधी मुंबईच्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजला. गोव्याच्या वादकांचा आणि संयोजकांचा हिंदी चित्रपट संगीतातला वाटा मोठा आहे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट ही नावे त्या क्षेत्रातली ठळक आहेत. त्यामुळे ही गोष्ट अशक्य नव्हती. पण अशक्य नसणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. या फोटोने एवढेच सिद्ध होते की १९७८ साली ड्रम या घरात होता. रिमवरचा एक पोचा फोटोत आणि प्रत्यक्षात त्याच जागी आहे. तेवढेच वर्णनात घेतले. रेकॉर्डिंगची गोष्ट लेखी वर्णनातून वगळली. गिऱ्हाइकाला तोंडी सांगावी की नाही ते घरच्यांवर सोडले.

प्रकृतीची नोंद

सामान उतरवण्याआधी चारी बाजूंनी, आतून आणि खालून मिळून २६ फोटो काढले. टेन्शन रॉड समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येकी अर्धा फेरा असे सैल केले. एकाच बाजूने सोडले तर पातळ शेलवर वाकडा ताण येतो. प्रत्येक लग आपल्या स्क्रू-वॉशरसह क्रमांक घातलेल्या पिशवीत. या लगांच्या आत छोटी स्प्रिंग असते. लग उलटा केला की ती उडते आणि लादीवरून कुठे जाते ते सापडत नाही, म्हणून खाली पंचा अंथरायचा.

सापडले ते असे.

शेल गोल होते. चार ठिकाणी घेतलेल्या व्यासांत १ मिलिमीटरपेक्षा कमी फरक. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उलटे ठेवून आतून टॉर्च लावला तर वरच्या कडेखालून उजेड कुठेच आला नाही. खालच्या कडेला समोरासमोर दोन ठिकाणी आला. ते दोष नाहीत, स्नेअरच्या तारा टेकण्यासाठी मुद्दाम दिलेले उतार आहेत. नवखा माणूस नेमके ते “वाकले आहे” म्हणून ठोकून सरळ करतो.

क्रोमवर सगळीकडे बारीक खड्डे, आणि कंगोऱ्याच्या खाली एका बाजूला फोड. ॲल्युमिनियमवर क्रोम तसा घट्ट बसतच नाही, त्यामुळे कोरड्या हवेतल्या सुप्राफोनिकलाही हे होते. इथे दमट आणि खारट हवा, त्यात पाणी धरून ठेवणारी सुती चादर. ड्रम उघडा ठेवला असता तर धूळ बसली असती, पण फोड कमी आले असते. आणि मग चिंचेने घासलेला भाग: साधारण ८ बाय ६ सेंटिमीटर, तिथे क्रोम सुटून करडा धातू उघडा. आंबटाने आणि मिठाने खड्ड्यांतून आत शिरून खालचा धातू खाल्ला, आणि शेंडीने वरचा सैल पापुद्रा उचकटला.

स्थानिक स्ट्रेनर काढल्यावर त्याच्याखाली एक जादा भोक निघाले. नव्या स्ट्रेनरच्या दोन स्क्रूंमधले अंतर मूळपेक्षा जास्त होते, म्हणून एक स्क्रू जुन्या भोकात आणि दुसऱ्यासाठी ड्रिल. संग्राहकांच्या हिशेबात शेलला पाडलेले भोक हा सर्वात महाग दोष, कारण तो कधीच परत फिरत नाही. वाजवणाऱ्याच्या कानाला त्याने काडीचा फरक पडत नाही.

१० पैकी ९ टेन्शन रॉड मूळचे. दहावा हार्डवेअरच्या दुकानातला ६ मिलिमीटरचा बोल्ट. अमेरिकी ड्रमचे रॉड १२-२४ मापाचे असतात: बाहेरचा व्यास सुमारे ५.५ मिलिमीटर, इंचाला २४ आटे. मेट्रिक ६ मिलिमीटरचा आटा अंतराने जवळपास तसाच, १ मिलिमीटर, म्हणून सुरुवातीला तो धरल्यासारखा वाटतो. पण व्यास मोठा असल्याने पान्याच्या जोराने आतल्या नटाचे आटे कापत जातो. त्या लगमधला नट गेलेला होता. लगचे बाहेरचे अंग वाचले, हे नशीब.

पर्याय

घरच्यांसमोर पाच वाटा ठेवल्या.

व्यापाऱ्याला ४,०००ला देणे. ओळख पटल्यावर हा पर्याय उरला नाही.

क्रोम नव्याने करून विकणे. थोरल्या मुलाचा ओढा इकडे होता. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत प्लेटिंग होते हे त्याला माहीत होते. यावर बोलणे सर्वात लांबले. जुने क्रोम उतरवण्यासाठी वापरतात ते आम्ल ॲल्युमिनियमही खाते. दांडगा लोखंडी भाग ते सोसतो, मिलिमीटरभर जाडीचा पत्रा सोसत नाही. मग खड्डे बुजवायला घासाई, म्हणजे पत्रा आणखी पातळ आणि कंगोऱ्याची कड बोथट. त्यानंतर चढवलेला नवा थर पुन्हा ॲल्युमिनियमवरच बसणार. आणि हे सगळे पैसे घालून झाल्यावर ड्रमची किंमत वाढत नाही, घटते. मूळ पृष्ठभाग खराब असला तरी मूळ असतो.

क्रोम पूर्ण काढून शेल उघडी पॉलिश करणे. काही वादक करतात आणि दिसतेही छान. स्वतः वाजवायचा असेल तर चालेल, विकायच्या आधी करू नये.

परदेशात विकणे. भाव थोडा बरा, पण टपालखर्च, तिथल्या गिऱ्हाइकाला बसणारा कर, वाटेत मोडतोड झाल्यास वाद. कायद्याची अडचण इथे नव्हती. १९७२च्या पुरावशेष कायद्यात साधारण वस्तूंसाठी १०० वर्षांची मर्यादा आहे आणि हा ड्रम त्याच्या खूप अलीकडचा. (१९२०च्या दशकातला ड्रम हाती आला तर मात्र देशाबाहेर पाठवण्याआधी हा मुद्दा तपासावाच.)

देशातच, वाजवणाऱ्या माणसाला विकणे. मूळ भाग परत बसवून, दोष उघड सांगून. धाकट्या लेकीचा कल इकडे होता. आईचे म्हणणे एकच, तो वाजला पाहिजे.

ठेवून घेण्याचाही विचार झाला. घरात वाजवणारे कोणी नव्हते आणि कोरडी जागाही नव्हती. माळ्यावर परत गेला असता तर आणखी दहा पावसाळ्यांत विकण्यासारखे फार काही उरले नसते.

केलेली कामे

धुणे असे केलेच नाही. मऊ रंगाच्या ब्रशने कोरडी धूळ, मग ओलसर आणि घट्ट पिळलेल्या कपड्याने पुसणे, लगेच कोरडे करणे. चिंचेच्या भागावर दोन वेळा साध्या पाण्याचा ओला कपडा आणि केस वाळवायच्या यंत्राची मंद हवा, जेणेकरून खड्ड्यांत मीठ राहू नये. सुटत चाललेल्या पापुद्र्याच्या कडांना हात लावला नाही. धातूच्या पॉलिशची डबी शेलजवळ येऊ दिली नाही.

रिम पोलादी असल्याने त्यांना वेगळा उपाय चालतो. स्वयंपाकातला ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवला की क्रोमवरचे गंजाचे ठिपके निघतात. नंतर मशीन तेलाचा पुसट हात. हाच फॉइल शेलवर फिरवला असता तर फोड फुटले असते.

पी-८३ दोन रात्री पातळ तेलात ठेवला, तेव्हा आटे सुटले. तो मूळ भोकांत बसवला. जादा भोक स्ट्रेनरच्या बाहेर अर्धे दिसत होते.

आटे गेलेला नट आणि रॉड १२-२४ मापाचे मागवून बसवले. खालचे हेड स्नेअरसाठीचे पातळ, ३ मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ते वरच्या जाड हेडऐवजी चुकून उलटसुलट बसवले तर पहिल्याच घावात फाटते. २० तारांचा नवा संच. हेड ताणताना आधी बोटांनी सगळे रॉड लागेपर्यंत, मग समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा. दोन्ही हेड, तारा, रॉड आणि नट मिळून ५,६०० रुपये खर्च आला. मजुरी घेतली गेली नाही, पण हिशेबात ती शून्य धरणे योग्य नाही. सुमारे ७ तासांचे काम होते.

किंमत कशी काढली

मागितलेल्या किमती बाजूला ठेवल्या. विक्रीला लावलेला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. पाहायचे ते झालेले व्यवहार, तेही याच नमुन्याचे, याच दशकाचे, खड्डे पडलेल्या क्रोमचे. त्यांचा आणि देशांतर्गत मागणीचा अंदाज घेऊन जाणकारांनी पाया ४५,००० रुपये धरला. त्यात सगळे भाग मूळ, भोक नाही, क्रोमला नेहमीचे खड्डे, एवढे गृहीत होते.

त्यातून जादा भोकासाठी ६,००० वजा. चिंचेच्या भागासाठी ४,०००. बदललेल्या एका रॉडसाठी काही नाही, कारण माप बरोबर आहे आणि नोंद दिली आहे. उरले ३५,०००. पी-८३ सापडला नसता तर आणखी ५,००० गेले असते. हे आकडे शास्त्र नव्हेत, अनुभवाचा अंदाज आहे. पण वजाबाकी अशी वेगवेगळी मांडली की घासाघीस कोणत्या दोषावर चालली आहे ते दोघांनाही दिसते.

सुप्राफोनिकची किंमत पितळी ड्रमइतकी का नाही, हेही मुलाला समजावून सांगावे लागले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकी दूरदर्शनवर दिसले, त्यांचा ड्रमर रिंगो स्टार याच्या बास ड्रमवर लुडविगचे नाव होते, आणि पुढची काही वर्षे कारखान्याला मागणी पुरी करता येईना. त्या लाटेत हे ड्रम प्रचंड संख्येने बनले. हा ड्रम दुर्मिळ नाही. त्याला भाव आहे तो आवाजामुळे.

निष्पत्ती

३८,००० मागितले, ३३,०००ला गेला. घेणारा रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा तरुण. त्याला जादा भोकाचे काहीच वाटले नाही; घासाघीस केली ती चिंचेच्या भागावर, कारण सुटता पापुद्रा हाताला लागतो. खर्च वजा जाता घरच्यांच्या हाती २७,४०० आले. ड्रमबरोबर दिले ते: सगळे फोटो, काढलेला स्थानिक स्ट्रेनर, जुना बोल्ट आणि दोषांची लेखी यादी. जुने वरचे हेड घरच्यांनी ठेवून घेतले. त्यावर वडिलांच्या हातच्या पेन्सिलीने गाण्यांचा क्रम लिहिलेला होता.

वेगळे काय करता आले असते

चिंचेचा भाग टळला असता. पण त्यासाठी आईला बोल लावणे चूक ठरेल. चमकणारे भांडे मळले की जे करायचे तेच तिने केले. मूळ चूक त्याआधीची. वडील गेल्यावर बाकीचे सामान विकताना स्नेअर एकदा तपासून घेतला असता तर तो चादरीत गेला नसता. माळ्यावरच ठेवायचा होता तर हेड सैल करून, जाळीच्या किंवा हवा खेळेल अशा पेटीत, सिलिका जेलच्या पिशव्यांसह, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहून. पिशव्या दरवर्षी बदलायच्या किंवा तापवून घ्यायच्या. ओल शोषून भरलेली पिशवी काहीच काम करत नाही.

व्यापाऱ्याच्या भेटीत मुलाने चुंबक स्वतः शेलवर लावून पाहायला सांगितले असते, तर बोलणे तिथेच बदलले असते. उलट त्याने पितळी ड्रमचे आकडे पुढे केले, आणि समोरच्याला वाटले की माणूस अवास्तव बोलतोय.

जाणकारांकडूनही एक गोष्ट उशिरा झाली. फोटो आणि पेटी मागितली होती, पण स्ट्रेनर मूळचा नाही हे पहिल्याच दिवशी दिसत असताना तो शोधायला त्या दिवशीच सांगायला हवे होते. मधल्या आठवड्यात पेटीतले “भंगार” काढून टाकायचे घरात चालले होते. पी-८३ वाचला तो केवळ पेटीचे कुलूप उघडत नव्हते म्हणून.

जादा भोक बुजवावे का, यावर दोघा जाणकारांचे मत शेवटपर्यंत जुळले नाही. एकाचे म्हणणे, क्रोमच्या घुमटीचा छोटा बटन-प्लग बसवला की दिसायला नीट दिसते आणि तो कधीही काढता येतो. दुसऱ्याचे म्हणणे, झाकलेले भोक गिऱ्हाइकाला नंतर सापडले तर लपवल्यासारखे वाटते. भोक उघडे ठेवूनच ड्रम गेला. नव्या मालकाने काही दिवसांनी कळवले की त्याने त्यात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची कडी) बसवले आहे आणि मायक्रोफोनची वायर तिथून आत घेतली आहे.